तोफ बोटीवर, निशाणा जमिनीवर, मग हुकूम कुणाचा?

दूरदर्शनच्या काळात ज्यांनी अँटेना फिरवलाय त्यांना हा विषय अर्धा आधीच येतो. आमच्याकडे काका गच्चीवर, बाबा टीव्हीसमोर आणि मी मधल्या जिन्यात. बाबा ओरडणार "अजून थोडं", मी वर ओरडणार "अजून थोडं", काका फिरवणार, तेवढ्यात चित्र येऊन गेलेलं असणार, बाबा "बस बस बस" करणार आणि माझं "बस" गच्चीवर पोचेपर्यंत काका पार पुढे गेलेले. ज्याला दिसतंय त्याच्या हातात अँटेना नाही, ज्याच्या हातात अँटेना आहे त्याला टीव्ही दिसत नाही, आणि मधल्याला तर काहीच दिसत नाही, तो फक्त ऐकलेलं पुढे ढकलतो. शिव्या मात्र त्यालाच.

युद्धनौकेवरून जमिनीवर मारा करायचा म्हणजे हेच. फक्त अँटेनाच्या जागी तोफ नाहीतर मिसाइल, आणि चुकलं तर पडद्यावर मुंग्या येत नाहीत, माणसं मरतात. म्हणून हे सगळं कोण कसं करणार ते नौदलं आधीच लिहून ठेवतात, त्यालाच कमांड अँड कंट्रोलची डॉक्ट्रिन म्हणतात. नाव जड आहे पण आत प्रश्न चारच : बघणार कोण, ठरवणार कोण, मारणार कोण आणि थांबवणार कोण. बातम्यांमध्ये आपल्याला फक्त मारणारा दिसतो, धूर, आगीचा लोळ, मिसाइल डेकवरून वर जातंय वगैरे. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कमी सत्ता त्याच माणसाकडे असते, आणि मारा जितका लांबचा तितकी ती अजून कमी होते.

आता जमिनीवर मारायचं म्हटलं की नौदलाला हे सगळं लिहून का ठेवावं लागतं, तर समुद्रावर कॅप्टन म्हणजे घरातले आजोबा, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. पण त्यांचा गोळा किनाऱ्यापलीकडे पडायला लागला की तो दुसऱ्याच्या अंगणात पडतो. तिथे आपल्याच लष्कराचे जवान असतात, वरून एअरफोर्सची विमानं जात असतात, आणि मुख्य म्हणजे तिथे लोक राहतात, घरं असतात, दवाखाने असतात. जहाजाच्या रडारवर विमानं दिसली तरी जमिनीवरचं यातलं काही दिसत नाही, किनाऱ्याची एक जाड रेघ दिसते फारतर.

आधी तोफा घेऊ, कारण तिथे हा मामला अगदी हाताला लागतो. १९८२ चं फॉकलंड युद्ध. अर्जेंटिनाने एप्रिलमध्ये ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली, ब्रिटिश आरमार हजारो मैल पार करून तिथे पोचलं, आणि रात्री-रात्री त्यांची जहाजं किनाऱ्याजवळ येऊन साडेचार इंची तोफांनी मारा करायची. पण मारायचं कुठे हे जहाज ठरवत नव्हतं. त्यासाठी १४८ बॅटरी नावाच्या एका खास तुकडीची चार-पाच जणांची टोळकी आधीच डोंगरात जाऊन लपलेली असायची, थंडीत, वाऱ्यात, रेडिओ आणि दुर्बीण घेऊन. यांना स्पॉटर म्हणतात. टीव्हीसमोरचे बाबा ते हे.

त्यांचं रेडिओवरचं बोलणं कसं असतं ते बघण्यासारखं आहे. आधी मी कोण ते सांगायचं. मग निशाणा नकाशावर कुठे आहे, किती उंचीवर आहे आणि मी कुठल्या दिशेने बघतोय. ही दिशा सांगणं फार गरजेचं, कारण माझं उजवीकडे म्हणजे जहाजाचं उजवीकडे नव्हे, जहाज भलत्याच बाजूला उभं असेल तर माझं उजवीकडे त्यांचं पुढे होईल, तो हिशोब जहाजावर करतात. मग तिथे काय आहे, खंदक आहे, तोफ आहे, ट्रक आहेत की नुसते उघड्यावर सैनिक आहेत. मग आपली माणसं त्यापासून किती जवळ आहेत. अमेरिकन नियमात पाच इंची किंवा त्याहून लहान नौदल तोफेसाठी ही लक्ष्मणरेषा ७५० मीटरची आहे, त्याच्या आत आपली माणसं असतील तर 'डेंजर क्लोज' असं स्पष्ट म्हणावं लागतं, मग पुढचं सगळं सावकाश आणि जपून. लष्कराच्या जमिनीवरच्या तोफांसाठी हाच आकडा ६०० आहे. म्हणजे जहाजाच्या तोफेवर जरा कमी भरवसा, आणि त्याला कारण आहे. जहाज हलतं हे तर झालंच, पण तो गोळा वेगाने आणि बराच चपटा जातो, त्यामुळे गोळे डावी-उजवीकडे फार फाकत नाहीत, मागे-पुढे मात्र लांबवर पसरतात. अंगणात बादलीभर पाणी जोरात फेकलं की लांबट पट्टा ओला होतो ना, तसं. म्हणून शहाणा स्पॉटर काय करतो, आपल्या जवानांच्या डोक्यावरून मारायला लावत नाही, शक्य असेल तर जहाजाला बाजूला जायला सांगतो, म्हणजे तो ओला पट्टा आघाडीच्या रेषेला समांतर पडतो आणि आपल्या लोकांच्या अंगावर येत नाही.

मग एकच गोळा मागवायचा. सुटला की जहाज कळवतं 'शॉट', आणि पडायच्या पाच सेकंद आधी कळवतं 'स्प्लॅश'. का, तर तोपर्यंत स्पॉटर डोकं खाली घालून बसलेला असतो, 'स्प्लॅश' ऐकलं की त्याने मान वर काढून नीट बघायचं. गोळा पुढे पडला की सांगणार मागे ४००, मग मागे पडला की पुढे २००, असं अर्धं-अर्धं करत निशाणा दोन गोळ्यांच्या चिमटीत पकडायचा आणि तो पकडला की मग 'फायर फॉर इफेक्ट', आता धडाधड येऊ दे. आणि या सगळ्यात 'रिपीट' हा शब्द चुकूनही उच्चारायचा नाही. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं. कारण तोफेच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे जिथे टाकले तिथेच तेवढेच गोळे परत टाका. आपण फोनवर दिवसातून दहा वेळा म्हणतो तो साधा शब्द, पण तिकडे कुणीतरी मरेल त्याने.

म्हणजे सत्ता कुणाकडे? कुठे मारायचं आणि कधी थांबायचं हे डोंगरातल्या त्या पोराकडे, हुद्द्याने तो कॅप्टनच्या आसपासही नसतो. पण जहाज कुठे उभं राहणार, किती वेळ थांबणार आणि कधी निघणार हे मात्र जहाजाच्या कॅप्टनकडे, तिथे त्या पोराचा हुकूम चालत नाही. कागदावर ही वाटणी फार सुंदर दिसते. ११-१२ जूनच्या रात्री ती कशी ताणली जाते ते ब्रिटिशांनी दोनदा बघितलं. एचएमएस ग्लॅमॉर्गन हे जहाज टू सिस्टर्स डोंगरावर चढाई करणाऱ्या मरीन्सना तोफांची साथ देत होतं. पहाट व्हायच्या आत लांब निघून जायचं असं ठरलेलं होतं, आणि किनाऱ्यावर कुठेतरी मिसाइल असेल म्हणून त्या बाजूचा समुद्राचा एक तुकडा धोक्याचा म्हणून आखलेलाही होता. पण वर लढाई लांबली, मरीन्सना तोफा हव्या होत्या, जहाज थांबलं, आणि मग उशीर झाला म्हणून जाताना त्या धोक्याच्या तुकड्याचा कोपरा कापून निघालं. अर्जेंटिनाने जहाजावरची एक्झोसेट मिसाइलं काढून ट्रेलरवर चढवून ठेवली होती, त्यातलं एक येऊन लागलं, १४ जण गेले. आणि त्याच रात्री बेटांवरच्या स्टॅन्ली गावातल्या एका घरावर दुसऱ्या ब्रिटिश जहाजाचा गोळा पडला, तीन स्थानिक बायका गेल्या. ज्यांना सोडवायला गेले त्यातल्याच. आख्ख्या युद्धात गावकऱ्यांपैकी मेलेल्या त्या तिघीच, आणि त्या ब्रिटिश गोळ्याने.

साखळी तुटली की काय होतं त्याचं उलट उदाहरणही सांगायला हवं. ६ जून १९४४, दुसरं महायुद्ध, फ्रान्समधला नॉर्मंडीचा ओमाहा किनारा, अमेरिकन सैन्य तिथे उतरत होतं. किनाऱ्यावर उतरून जहाजांना सांगणाऱ्या ज्या टोळ्या होत्या त्यांचे रेडिओ भिजले, बुडाले, माणसं पाण्यातच मारली गेली. जहाजांना वरून कुणी काही सांगेना. तेव्हा अमेरिकन डिस्ट्रॉयर्स इतक्या आत घुसल्या की तळ वाळूला टेकायची वेळ आली, आणि कार्मिक नावाच्या डिस्ट्रॉयरवरच्या लोकांनी काय बघितलं तर किनाऱ्यावर अडकलेले आपले रणगाडे कड्यावर एका ठिकाणी गोळे टाकतायत. म्हणजे तिथे काहीतरी असणार. मग रणगाड्याचा गोळा जिथे फुटेल तिथेच जहाजाची तोफ. रेडिओ नाही, कोड नाही, काही नाही, रणगाड्याचा गोळा हाच निरोप. पण हे जमलं ते जहाज डोळ्यांनी बघता येईल इतकं जवळ होतं म्हणून.

आता आपल्याकडचं. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानी जहाजांनी येऊन द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान फारसं झालं नाही, पण नौदलाला ते फार लागलं, कारण आपल्या नौदलाला वरून सांगितलेलं होतं की पोरबंदरच्या उत्तरेला जाऊन आपण होऊन काही करायचं नाही. आयएनएस तलवार तर तेव्हा शेजारी ओख्यालाच दुरुस्तीला लागलेली होती. म्हणून १९७१ मध्ये युद्ध होणार असं दिसायला लागल्यावर नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी आधी जाऊन इंदिरा गांधींना विचारून घेतलं की आम्ही कराचीवर हल्ला केला तर सरकारला राजकीय अडचण आहे का. अडचण नाही हे कळल्यावरच पुढची सगळी आखणी. मला या सगळ्या कथेत मिसाइलपेक्षा हा प्रश्न जास्त आवडतो. परवानगी ऐन रात्री मागायची वेळच येऊ दिली नाही, आधीच घेऊन ठेवली, आणि मग रात्री समुद्रावर जे आहेत त्यांना मोकळं सोडलं.

४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाइल बोटी कराचीकडे गेल्या, सोबत किल्तान आणि कच्छल ही जहाजं. बोटी लहान, मुळात स्वतःच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी बनवलेल्या, त्यामुळे लांबपर्यंत ओढत न्याव्या लागल्या. आपल्या लोकांचं त्यावरचं ट्रेनिंग रशियात झालेलं, म्हणून ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून आपापसात रशियनमध्ये बोलले असं सांगतात. पाकिस्तानची खैबर आणि मुहाफिझ ही जहाजं बुडाली. खैबरला तर शेवटपर्यंत वाटलं की विमानाने हल्ला केलाय, तोच निरोप त्यांनी कराचीला पाठवला, आणि घाईत आपली जागाही चुकीची कळवली, त्यामुळे वाचवायला गेलेल्यांना शोधायला वेळ लागला. जिन्यातल्या माणसाने चुकीचं ओरडलं की असं होतं.

पण आपला विषय आहे कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्या. त्या बोटींवरचं स्टिक्स मिसाइल हे जहाजांवर मारायचं, त्याच्या नाकात रडार, समोर जे मोठं लोखंड दिसेल त्याकडे ते जातं. निपातने ते किनाऱ्याकडे सोडलं, आणि ८ तारखेला दुसऱ्या हल्ल्यात विनाश या मिसाइल बोटीने एकटीने चार सोडली, सोबतीला त्रिशूल आणि तीच १९६५ ची तलवार. टाक्या पेटल्या. इथे डोंगरात लपलेला स्पॉटर कुणी नव्हता, 'मागे ४००' सांगणारं कुणी नव्हतं. दिशा माणसाने दिली आणि शेवटचं मिसाइलने स्वतः ठरवलं, आणि मिसाइलला झेंडा वाचता येत नाही, त्यामुळे ८ तारखेला बाहेर नांगर टाकून उभी असलेली परदेशी व्यापारी जहाजंही त्याच्या तडाख्यात आली. टाक्यांवर आपल्या एअरफोर्सच्या हंटर विमानांनीही मारा केलेला, त्यामुळे आग नक्की कुणाची यावर दोन्ही दलांच्या निवृत्त मंडळींमध्ये अजून वाद रंगतो, जेवणानंतर विषय काढून बघा. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही, एकाच निशाण्यावर दोन दलं आपापली जाणं हीच तर जुळवाजुळवीची उणीव. पलीकडे याहून वाईट झालं. ६ तारखेला आणखी हल्ला येतोय या भीतीत पाकिस्तानच्या टेहळणी विमानाने भारतीय मिसाइल बोट दिसली असं कळवलं आणि त्यांच्याच एअरफोर्सने त्यांच्याच झुल्फिकार या जहाजावर गोळ्या झाडल्या.

पुढची पायरी म्हणजे टॉमहॉक, जहाजावरून लांबच्या जमिनीवर मारायचं अमेरिकन मिसाइल, आणि इथे बिचारा कॅप्टन जवळजवळ कुरियरवाला होतो. १७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्धात सुरुवातीच्या टॉमहॉकपैकी एक अमेरिकेच्या सॅन जॅसिंटो जहाजावरून सुटलं, त्या युद्धात एकूण २८८ सोडली. जाणार हजार किलोमीटरच्या वर. तेव्हा त्यात जीपीएस नव्हतं. ते खालच्या जमिनीचा चढ-उतार मोजत आत भरलेल्या नकाशाशी ताडून बघायचं आणि निशाण्याजवळ आलं की खालचा फोटो काढून आतल्या फोटोशी जुळवायचं. आता विचार करा, तो नकाशा, तो फोटो आणि तो रस्ता कोण भरणार? जहाजावर ते करायची सोयच नव्हती. ते काम अमेरिकेत नॉरफोकला आणि हवाईला बसलेल्या कचेऱ्यांमध्ये व्हायचं, तयार मिशन जहाजाला मिळायचं, आणि नवीन निशाणा आला तर ते बनवायला कित्येकदा दिवस जायचे. सपाट वाळवंटात तर चढ-उतारच नाहीत, मग मिसाइलला ओळखीची खूण कुठली, म्हणून रस्ता लांबून डोंगराकडून न्यायला लागायचा. म्हणजे युद्धात कुठल्या इमारतीवर मारा होऊ शकतो हे एका अर्थी नकाशे बनवणाऱ्या लोकांच्या हातात गेलं. ज्या गावाचा नकाशा तयार नाही त्या गावावर जगातली सगळ्यात ताकदवान युद्धनौकाही टॉमहॉक मारू शकत नव्हती.

जहाजाकडे मग उरतं काय? बरंच, पण सगळं व्यवस्थापनाचं. एका समुद्रात अनेक जहाजं आणि पाणबुड्या एकाच वेळी सोडणार, तर कुठलं मिसाइल कुठल्या जहाजाने कुठल्या चौकोनातून किती वाजून किती सेकंदांनी सोडायचं हे जुळवायला एक वेगळा अधिकारी असतो. एखादं सुटलंच नाही तर त्याच्या जागी कुणाचं तयार ठेवायचं हेही आधी ठरलेलं. सुटल्यावर मागचा बूस्टर, म्हणजे वर ढकलणारं रॉकेट, गळून पाण्यात पडतो, त्याखाली आपलंच दुसरं जहाज नको. तिकडे निशाण्यावर आपली विमानं त्याच वेळी नकोत. कॅप्टन "माझं जहाज त्या चौकोनात वेळेत पोचत नाही" म्हणू शकतो. पण "ही इमारत बरोबर आहे का" हे विचारायला त्याच्याकडे काही साधनच नाही, त्याला ती दिसत नाही, दिसणारही नाही.

आणि तिथेच गोची आहे. २० ऑगस्ट १९९८ ला अमेरिकेने सुदानच्या खार्तूममधल्या अल-शिफा कारखान्यावर टॉमहॉक सोडली, तिथे रासायनिक अस्त्रांचं काहीतरी बनतंय असं सांगून. मिसाइलं बरोब्बर त्याच इमारतीवर पडली. मारणाऱ्याने काही चूक केली नाही. पण तो औषधांचा कारखाना निघाला, आणि वॉशिंग्टनचा तो पुरावा मातीच्या एका नमुन्यावर उभा होता, त्यावरून नंतर इतके प्रश्न उठले की आजतागायत ते मिटलेले नाहीत. फॉकलंडमधला स्पॉटर चुकला तर पुढच्या गोळ्याला सुधारू शकत होता, इथे पहिला आणि शेवटचा गोळा एकच.

नंतर २००४ च्या सुमाराला आलेल्या टॉमहॉकमध्ये उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी बोलायची सोय आली. वाटेत निशाणा बदलता येतो, घिरट्या घालत थांबवता येतं. म्हणजे 'बस' ओरडायची सोय सुटल्यानंतरही झाली, जिन्यातला माणूस एकदम उपग्रह झाला. ऐकायला भारी, पण मग नवी भांडणं, की हवेत असलेलं मिसाइल आता कुणाच्या मालकीचं, सोडणाऱ्या जहाजाचं की जमिनीवरच्या मुख्यालयाचं, आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर? म्हणून एका वेळी एकाच्याच हातात सूत्रं आणि ती दुसऱ्याला देताना रीतसर देणं-घेणं, हे सगळं परत डॉक्ट्रिनमध्ये लिहावं लागतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये सिरियातल्या शायरात या हवाई तळावर अमेरिकेने ५९ टॉमहॉक टाकली तेव्हा तर त्या तळावर रशियन माणसं होती, म्हणून हल्ल्याआधी रशियाला ठरलेल्या लाइनवर कळवलं. म्हणजे साखळीत समोरच्या पार्टीचा मोठा भाऊसुद्धा आला.

आपल्याकडे आता ब्रह्मोस आहे, जहाजावरून जमिनीवर मारायचंही. ते इतकं वेगवान आहे की सुटल्यावर विचार करायला वेळच नाही, त्यामुळे सगळा विचार सुटायच्या आधी. मार्च २०२२ मध्ये एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूला जाऊन पडलं. ते नौदलाचं नव्हतं, एअरफोर्सचं होतं, ठरलेली पद्धत पाळली नाही म्हणून तीन अधिकाऱ्यांना काढलं. कुणाला इजा झाली नाही हे नशीब, आणि 'सोडायचं नाही' हे पक्कं करणंसुद्धा कमांड अँड कंट्रोलचंच काम आहे हे लोक विसरतात.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी नौदल अरबी समुद्रात पुढे जाऊन उभं होतं. नंतरच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल प्रमोद यांनी सांगितलं की समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या निवडलेल्या ठिकाणांवर, कराचीसकट, आम्ही ठरवू त्या वेळी मारा करायची तयारी होती. पुन्हा कराची. जहाजं तयार, मिसाइलं तयार, निशाणे ठरलेले, आणि सगळे त्या एका होकाराची वाट बघत. १० मेला संध्याकाळी पाच वाजता शस्त्रसंधी झाली, तो होकार काही आला नाही.